म्हणे चालत नाही

आमच्या विद्यानगरच्या वसाहतीत 'काकी' असं म्हटलं की मराठी माणसाला एक बाई आठवे आणि तेलुगू माणसाला एक पक्षी. तेलुगूत काकी म्हणजे कावळा. शालिनीबाई बिलोलीकर लग्न होऊन इथे आल्या तेव्हा शेजारची मराठी मुलं त्यांना अंगणातून "काकी, काकी" अशा हाका मारत आणि कुंपणापलीकडची तेलुगू मुलं पोट धरधरून हसत. हा काय प्रकार आहे ते कळायला बाईंना थोडे दिवस लागले. दुसरी एखादी असती तर तिने मुलांना "मावशी म्हणा रे" असं बजावलं असतं. ह्यांनी कुंपणापलीकडच्या पोरांना आत बोलावलं, चकल्या दिल्या आणि सांगितलं, "बरोबर आहे तुमचं. कावळाच आहे मी. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, सगळं मला ठाऊक असतं."

अर्थात हे मी पाहिलेलं नाही. त्यांनीच सांगितलेलं आहे. त्यांच्या नियमाप्रमाणे वरचा सगळा परिच्छेद खोडायला हवा.

मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या वकिली सोडून घरी बसल्या होत्या. बसल्या हा आपला बोलण्यापुरता शब्द. सासऱ्यांपासून घरात वकिली. सासरे उर्दू कागद वाचणारे जुन्या हैदराबादचे वकील, आणि बाई स्वतः दिवाणी कोर्टात जन्मभर जमिनीचे दावे लढलेल्या. यजमान कॉलेजात शिकवत, ते लवकर गेले. मूल नव्हतं. बाई उंच, काटक, नाक धारदार, केस पांढरे आणि आखूड. हैदराबादेत थंडी ती कितीशी, पण पहाटे गारवा पडला की त्या सुती साडीवर कोर्टातला जुना काळा कोट चढवून फिरायला निघत. कोपरांवर तो कोट इतका विरला होता की आतलं अस्तर दिसे. मान थोडी वाकडी करून, एका डोळ्याने बघितल्यासारखं बघत. आता सांगा, त्या पोरांचं काय चुकलं होतं?

मी लातूरची. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याने, म्हणजे श्रीकांतने, मला सांगून ठेवलं होतं की त्या काळ्या कोटवाल्या काकींशी बोलताना जपून बोल. मी कशाला जपतेय! पहिल्याच आठवड्यात फाटकाशी त्या भेटल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काकी, मागच्या कुंट्यावर मोर येतात म्हणे."

कुंटा म्हणजे लहान तळं. आमच्या वसाहतीच्या पाठीमागे असा एक कुंटा होता. इकडून घरांच्या पाठी, पलीकडे जब्बारभाईंचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आणि मागच्या गल्लीला लागून घाणेरीचं दाट कुंपण.

"म्हणे?" काकी थांबल्या. "कोण म्हणे?"

"असंच... सगळे म्हणतात."

"सगळ्यांपैकी एकाचं नाव सांग."

मी फाटकाची कडी चाळवू लागले.

"तू पाहिलेस?"

"नाही."

"मग तू काय पाहिलंस ते सांग. आज सकाळी घरातून निघालीस ती इथपर्यंत आलीस. मध्ये काय पाहिलंस?"

मी चाचरत सांगितलं की जिन्यात एक करडी, मोठ्या डोळ्यांची पाल होती. काकींचा चेहरा एकदम खुलला. किती मोठी, शेपूट होती का तुटलेली, दिव्याजवळ होती का, असं सगळं त्यांनी विचारलं. मला वाटलं, ही बाई वेडी आहे. पण घरी जाताना मी जिन्यात थांबून त्या पालीकडे पुन्हा पाहिलं, हेही खरं. शेपूट तुटलेली होती.

'म्हणे' या शब्दाशी काकींचं हाडवैर होतं. मराठीत 'म्हणे', तेलुगूत 'अंट', आणि आमच्या दखनीत, म्हणजे हैदराबादी उर्दूत, 'कते'. "आरऊं कते", म्हणजे येतोय म्हणे. काकी म्हणायच्या, तिन्ही भाषांनी खोटं बोलायला दोन-दोन अक्षरांची एकेक खिडकी ठेवली आहे, माणूस त्यातून हळूच पळून जातो. कोर्टात त्यांनी या तीन शब्दांच्या जोरावर भल्याभल्यांच्या जमिनी गेलेल्या पाहिल्या होत्या. त्यामुळे कुणाशीही बोलताना, समोर कोण आहे ते बघून, त्या विचारत: "पाहिलंस का ऐकलंस?" "देखे क्या सुने?" "चूशारा, विन्नारा?" भाजीवाली असो की डॉक्टर. पेपरवाल्याने "आज बंद आहे कते" असं म्हटलं तर त्यालाही सुटका नव्हती.

आता या बाईने पाखरांच्या आणि झाडांच्या नादाला का लागावं? मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "आयुष्यभर माणसांच्या जमिनींसाठी साक्षीदार गोळा केले. त्या कुंट्याच्या बाजूने कोण उभं राहणार? पाणकोंबडी थोडीच वकीलपत्र देते? उद्या कुणी म्हणालं की इथे तळं नव्हतंच, तर सांगायला माणसं नकोत?" मग म्हणाल्या, "माणसं आहेत गं. त्यांनी पाहिलेलं नाही, एवढंच."

म्हणून फळा आला. कुठल्याशा शाळेत नवे पांढरे फळे बसले तेव्हा जुना काळा फळा काकींनी मागून आणला आणि वसाहतीच्या फाटकाच्या भिंतीवर ठोकून घेतला. कुणीही यावं, दिवसभरात काय पाहिलं ते लिहावं. मराठीत, तेलुगूत, उर्दूत, इंग्रजीत. लिहिता येत नसेल तर चित्र काढावं. नवीन पिढीतल्या आमच्या मराठी पोरांना मराठी धड वाचता येत नाही, ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. काकींना चालत असे. अट एकच: कुठे, केव्हा, आणि स्वतःचं नाव. दर रविवारी पोरांनी फोनवर फोटो काढला की फळा पुसायचा आणि कोरा करायचा.

एकदा मी मोठ्या हौसेने लिहिलं, 'कुंट्यावर सुंदर खंड्या.' काकींनी 'सुंदर' पदराने पुसून टाकलं. "सुंदर हे मत झालं," म्हणाल्या, "मत घरी ठेव. खंड्या कशावर बसला होता?" मी तिरीमिरीत घरी आले. दुसऱ्या दिवशी मात्र मला दिसलं की तो विजेच्या तारेवर नाही, जब्बारभाईंनी टाकून दिलेल्या सायलेन्सरवर बसतो. रोज त्याच सायलेन्सरवर.

लोकांना नादी लावायची काकींची रीत अशी की त्या कुणालाही "निसर्ग वाचवा" असलं काही सांगत नसत. त्या नेमणूक करत. वरच्या मजल्यावरच्या लक्ष्मीगारू, निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघ्यांमुळे खाली उतरायच्या नाहीत; त्यांना गच्चीवरून दिसणारा कडुनिंब आणि कुंट्याचा अलीकडचा काठ दिला. "लक्ष्मीगारू, तुम्ही या निंबाच्या साक्षी." साक्षी हा शब्द तेलुगूतही तोच, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. जब्बारभाईंच्या गॅरेजचं तोंड पाण्याकडे. त्यांना पूर्वेची बाजू. ते म्हणाले, "वकील साब, मैं मेकॅनिक आदमी, मेरेकु चिडियाँ क्या मालूम?" काकी म्हणाल्या, "नाव कौन पूछ रहा? गाडी का नंबर नहीं मालूम तो भी तुम बोलते ना, लाल गाडी, पिछला टायर बैठेला? वैसाच बोलो." तेव्हापासून फळ्यावर जब्बारभाईंच्या नोंदी येऊ लागल्या: 'काला, लंबी गर्दन, पंख सुखाने कु फैलाके बैठा, जैसे धोबी घाट.' तो पाणकावळा. तेलुगूत त्याला नीटिकाकी म्हणतात, पाण्यातली काकी. सदानकदा पाण्याशी असणाऱ्या आमच्या काकींना मग पोरांनी तेच नाव दिलं. साक्ष देणाऱ्या प्रत्येक पोराला काकींच्या डब्यातलं एक उस्मानिया बिस्किट मिळे. त्याला त्या साक्षभत्ता म्हणत.

आता श्रीकांतची हकिगत. तो वाचेल, पण सांगते.

माझा नवरा हैदराबादेत जन्मला, वाढला आणि आबिड्सच्या एका कचेरीत नोकरीला आहे. आपल्याला तेलुगू मातृभाषेसारखी येते असा त्याचा दावा. संक्रांत नुकतीच झाली होती. पतंगांचा हंगाम संपला तरी मांजा झाडांवर लटकत होता. सकाळी तो दूध आणायला गेला आणि धावत परत आला. चेहरा पांढराफटक. "वैशाली, काकी गेल्या."

फळ्यावर लक्ष्मीगारूंनी लिहून पाठवलं होतं. सगळ्यांना वाचता यावं म्हणून इंग्रजी अक्षरांत: काकी चनिपोयिंदी. काकी मेली.

श्रीकांतने तेवढ्यात वसाहतीतल्या यच्चयावत मराठी घरांना फोन केले. कुणी हार आणला, कुणी नारळ. जोशीकाका तर अंत्यविधीच्या सामानाची चौकशी करूनच आले. आम्ही सगळे दबक्या पावलांनी काकींच्या दारात जमलो. बायका डोळ्यांना पदर लावून होत्या. बाहेर निंबावर कावळ्यांचा असा काही कल्ला चालला होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

दार उघडलं आणि काकी बाहेर आल्या. काळा कोट, हातात चहाचा कप.

"काय झालं? कोण गेलं?"

श्रीकांतने हार पाठीमागे लपवला, पण झेंडूचा हार तो, लपतोय थोडाच! काकींनी हाराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. एवढ्यात लक्ष्मीगारू गुडघे सांभाळत, कठडा धरत, जिना उतरून आल्या. त्यांना आम्ही काय समजलो ते कळलं, आणि तितकं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"पोयिंदी लिखी मैं! पोयिंदी!" त्या श्रीकांतवर कडाडल्या. "कौआ मरा तो पोयिंदी. इनको मैं पोयिंदी बोलूँगी? बडों को पोयारु बोलते, पोयारु! इतना भी तेलुगू नहीं आता तुमको?"

मेला होता तो कावळा. मांज्यात पंख अडकून निंबावर उलटा लटकला होता, आणि त्याच्यासाठी सगळ्या विद्यानगरचे कावळे जमले होते. झाडावर त्यांची सभा आणि दारात आमची.

काकी हसल्या नाहीत. त्यांनी श्रीकांतला विचारलं, "तू पाहिलंस का?"

"फळ्यावर होतं, काकी..."

"फळ्यावर होतं. म्हणजे म्हणे." मग हार त्याच्या हातातून घेतला, जोशीकाकांच्या नारळाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "आलाच आहात सगळे तर आता शिडी आणा. त्याला खाली काढू. आणि झाडावर जेवढा मांजा आहे तेवढा उतरवू." त्या सकाळी वसाहतीतल्या झाडून सगळ्या माणसांनी मांजा उतरवला. दुपारी त्याचा केवढा तरी गुंता फाटकाशी पडला होता. तेव्हापासून दर संक्रांतीनंतर आमच्याकडे हे होतं, नारळही फुटतो.

श्रीकांतला मात्र शिक्षा झाली. घाणेरीच्या कुंपणाची साक्ष. मागच्या गल्लीला लागून असलेलं, काटेरी, उग्र वासाचं कुंपण. तिथे चिटपाखरू म्हणून दिसत नसे. रोज ऑफिसला जाताना बघायचं आणि लिहायचं. पहिल्या दिवशी त्याने येऊन सांगितलं, "काकी, तिथे काही नाही."

"पाहिलंस?"

"हो. पाहिलं."

"मग लिही. काही नाही, हीसुद्धा साक्ष आहे."

तो रोज लिहू लागला: 'घाणेरीचं कुंपण. सकाळी. काही नाही. श्रीकांत.' वसाहतीत त्याचं नाव 'काही नाही साहेब' पडलं. मी त्याची यथेच्छ थट्टा केली. पण बाईंनी दिलेलं काम त्याने एक दिवस चुकवलं नाही. ताप असला की मला धाडायचा आणि आल्यावर उलटतपासणी घ्यायचा.

मधल्या काळात काकींमध्ये एक फरक पडला होता. तो मला दिसत होता आणि दिसतही नव्हता. त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिणं सोडलं. कुणी काही सांगितलं की जास्त खोदून विचारत. पोटाखालचा रंग सांग, पाय सांग, चोच सरळ का वाकडी सांग. मला वाटे, आम्हाला शिकवताहेत. एकदा त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर मी म्हटलं, लक्ष कुठे आहे? त्या म्हणाल्या, "म्हातारी झाले गं," आणि मी तेवढ्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांनी श्रीकांतच्या नोंदीत पहिल्यांदा काहीतरी आलं. 'घाणेरीचं कुंपण मोडलं. ट्रकची चाकं. पलीकडे मलब्याचा ढीग.' पाठोपाठ आणखी ट्रक आले. जुन्या घरांचं पाडकाम, विटा, संडासाची फुटकी भांडी, सगळं रात्रीतून कुंट्याच्या मागच्या काठावर पडू लागलं. चौकशी केल्यावर कळलं की एका बिल्डरने जमीन आपली आहे असा अर्ज केला आहे, आणि त्यात म्हटलं आहे की इथे तळं वगैरे काही नाही. हा खड्डा आहे, पावसाचं पाणी साचतं, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो आणि भराव तर वर्षानुवर्षं पडलेलाच आहे. सरकारी साहेब जागेवर येऊन पाहणी करणार होते. त्यांनी 'खड्डा' असं लिहिलं की कुंटा संपला. मग इमारत उभी राहायला कितीसा वेळ!

आम्ही सगळे काकींकडे धावलो. आता काय, काकी आहेत, चाळीस... जाऊ दे, आकडा मला ठाऊक नाही, पण जन्मभर जमिनीचे दावे लढलेली बाई आहे, त्या बिल्डरला पाणी पाजतील. काकींनी आमचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांनी या. ज्याने जे पाहिलं तेवढंच बोला. एक शब्द जास्त नको."

साहेब आले ते ऐन उन्हाच्या तडाख्यात. बरोबर दोन कारकून, आणि बिल्डरचा एक माणूस पांढऱ्या बुटांत. वसाहत झाडून हजर. लक्ष्मीगारूंना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. काकी एवढ्या उन्हात काळा कोट घालून आलेल्या. साहेबांनी कोट ओळखला असावा, ते अदबीने म्हणाले, "मॅडम, आप बोलिए."

काकी उभ्या राहिल्या. मला त्यांची ती वाकडी मान दिसत होती. मला वाटलं, आता सुरू होणार.

"साब," त्या म्हणाल्या, "मैं आज वकील बनके नहीं आई. और गवाह तो बनच नहीं सकती. मेरी आँखों के बीच का चला गया. किनारे-किनारे का दिखता, सामने का नहीं दिखता. आप भी नहीं दिख रे. इस कुंटे में क्या है, क्या नहीं, दो गर्मियों से मैं सिर्फ सुनी हूँ. मेरा बोलना अब 'कते' हो गया. वो आप मत लिखो."

मला खाली बघावं लागलं. साखर आणि मीठ, चोच सरळ का वाकडी, ते सगळे प्रश्न माझ्यापुढे एकदम उभे राहिले. शिकवत नव्हत्या त्या. आमच्या डोळ्यांनी बघत होत्या.

"इन लोगों से पूछो," काकी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. "लेखी काही आहे का?" त्यांनी विचारलं. मुलांच्या फोनमध्ये फळ्याचे फोटो होते, ते कारकुनाने घेतले. पण साहेब शहाणे होते. फोटो बाजूला ठेवून ते माणसांशी बोलू लागले.

जब्बारभाई हातावरचं ऑइल पुसत पुढे आले. "पिछली गर्मी में, मई में, काला पनकव्वा डुबकी मारके मच्छी निकाला, साब. इत्ती बडी. मैं देखा."

"मईच था, कैसे याद है?"

"लडकी की शादी थी ना साब मेरी, उसी हफ्ते. कैसा भूलूँगा? सूखे खड्डे में मच्छी कायकी?" ते जोशात पुढे म्हणाले, "और लोग बोलते, पहले तो यहाँ—"

"जब्बारभाई," मागून काकींचा आवाज आला.

"हौ, हौ. वो सुनेला है. वो छोडो साब."

लक्ष्मीगारूंनी खुर्चीतूनच तेलुगूत सांगितलं की ऐन उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवरून पाणकोंबडीमागे पिलांची रांग पोहताना पाहिली. चालताना नाही, पोहताना. मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांनी हे साहेबांना दोनदा सांगितलं. एकामागून एक माणसं पुढे येत होती. कुणी एवढंसंच बोललं, कुणी अडखळलं, पण 'म्हणे' म्हणून कुणी बोललं नाही.

पांढऱ्या बुटांचा माणूस कंटाळला. म्हणाला, पाणी असेल थोडंफार. पण हा भराव जुनाच आहे, बरसों का है, या लोकांना आत्ता दिसला.

तेव्हा श्रीकांत पुढे झाला. मी मनात देव आठवला, कारण त्याची तेलुगू मला माहीत होती. देवाची कृपा, तो दखनीत बोलला.

"साब, इस संक्रांत तक वहाँ कुछ नहीं था. घाणेरी का पूरा कुंपण था, सलामत. ट्रक जानेकु जगाच नहीं थी."

"तुम्हें कैसे मालूम?"

"मैं रोज देखता था. साल भर. कुछ नहीं था."

तो माणूस हसला. "साब, कोई आदमी रोज जाके 'कुछ नहीं' देखता क्या?"

"ये देखते!" अख्खी वसाहत एका आवाजात ओरडली. लक्ष्मीगारूसुद्धा. साहेबांनी विचारलं, का बरं? श्रीकांत मान खाली घालून म्हणाला, "सजा थी साब." मग त्या कावळ्याची सगळी हकिगत सांगावी लागली. साहेब तेलुगू माणूस. 'पोयिंदी' आणि 'पोयारु' ऐकल्यावर ते इतके हसले की त्यांना रुमाल काढावा लागला. पण हसताहसता त्यांनी कारकुनाला फोनमधले ते फोटो पुन्हा काढायला सांगितले आणि एकेक बघितले. काही नाही. काही नाही. काही नाही.

त्यांनी 'कुंटा' असं लिहिलं. मलबा उचलायला पुढे बराच काळ गेला, हेलपाटे झाले, आणि एक कोपरा आजही बुजलेलाच आहे. पण पाणी आहे. पाणकावळा आहे. घाणेरी पुन्हा फुटली.

सगळीकडे पेढे वाटले गेले आणि काकी मात्र घरात बसून राहिल्या. फाटकाकडे यायच्या बंद झाल्या. मी गेले तर म्हणाल्या, "मी आता 'म्हणे'च्या बाजूला गेले, वैशाली. तुम्ही सांगाल ते ऐकायचं." ज्या बाईने आख्ख्या वसाहतीला डोळे दिले तिच्या तोंडून हे ऐकताना मला त्या देवाचाच राग आला. मी काहीबाही समजूत घातली. त्यांनी ती ऐकून घेतली नाही, आणि बरोबरच केलं.

आणि मग एका सकाळी श्रीकांत दूध आणायला गेला तो बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले. काकी फळ्यासमोर उभ्या, कोट चढवलेला, आणि खडू श्रीकांतच्या हातात.

"लिही," त्या सांगत होत्या. "टिटवी. कुंट्याची पूर्व बाजू. पहाटे. दोन होत्या, एक जमिनीवर, एक उडत. शालिनी बिलोलीकर."

श्रीकांतला सूड उगवायची संधी याहून चांगली कधी मिळणार? "काकी," तो म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं? ऐकीव चालत नाही ना?"

"अरे हौल्या, खुळ्या!" काकी अशा गरजल्या की पेपरवाला सायकलवरून उतरला. "दुसऱ्याने सांगितलेलं ते ऐकीव. टिटवीने स्वतः सांगितलं, मी स्वतःच्या कानाने ऐकलं. बघायची गोष्ट डोळ्याने बघितलेली हवी, ऐकायची गोष्ट कानाने ऐकलेली हवी. ही प्रत्यक्ष साक्ष! जा, कायदा काढून बघ. मीच मूर्ख. एवढं पाठ असून इतके दिवस घरात बसले." मग खडूकडे हात करून म्हणाल्या, "'ऐकली' असं लिही. मोठ्या अक्षरात."

त्या दिवसापासून फळ्याला कान फुटले. घुबडाचा घूत्कार, बेडकांचे तीन तऱ्हेचे आवाज, भारद्वाजाचा हूप हूप, पावशा. आम्ही इतकी वर्षं बघत होतो आणि निम्मा कुंटा आम्हाला ठाऊकच नव्हता. काकी पोरांना काठावर डोळे मिटून बसवत. बिस्किटांचा डबा मांडीवर.

नंतर श्रीकांतची नागपूरला बदली झाली. तिथेच एका दुपारी लक्ष्मीगारूंचा फोन आला. म्हणाल्या, "काकी... चनिपोयारु."

पोयारु म्हणाल्या. त्यामुळे कावळ्याची शक्यता उरली नाही.

श्रीकांतच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "चूशारा?" आणि त्या रडत रडत म्हणाल्या, "चूशानु." पाहिलं. लक्ष्मीगारूंसारख्या साक्षीदारावर अविश्वास दाखवायची माझी छाती नाही. पण आम्ही पोहोचू शकलो नाही. मी काही पाहिलं नाही.

मी पाहिलं ते हे. आम्ही हैदराबाद सोडलं त्या सकाळी टॅक्सी मागच्या गल्लीतून घेतली होती. गारवा होता. घाणेरी फुलली होती. काठावर काकी बसलेल्या होत्या, पाठ आमच्याकडे, काळा कोट, मान एका बाजूला कललेली. शेजारी दोन-तीन माणसं डोळे मिटून बसलेली, त्यात जब्बारभाई. मी काच खाली केली. निरोप आदल्या दिवशीच घेऊन झाला होता, म्हणून हाक मारली नाही. कुंट्यात टिटवी ओरडली. काकींनी पाठ न वळवता एक हात वर केला, गप्प बसा असा, आणि सगळे आणखी गप्प झाले. मग तोच हात त्यांनी आमच्या गाडीच्या दिशेने, जा आता, असा हलवला.

माझ्यापुरती एवढीच साक्ष आहे. बाकीचं सगळं म्हणे.